हिर्डोशीची शिष्टाई

आमच्या मंडळातली माणसं सुट्टीत केरळला जातात, राजस्थानला जातात आणि परत आली की फोटो दाखवून आमचा जीव नकोसा करतात. या खेपेला सूड उगवायची पाळी माझी. मी गेले होते भोर आणि वेल्ह्याला. तिथं तुमच्यापैकी कुणी कधी जाणार नाही, त्यामुळे मी काहीही लिहिलं तरी चालून जाईल.

आधी माझी ओळख, कारण पुढं सगळी फजिती माझीच आहे. जन्म भाटघरचा, शाळा भोरची, आणि नोकरी युरोपातल्या एका छोट्या देशाच्या परराष्ट्र खात्यातली. लग्न करून त्या देशाची झाले, मग परीक्षा देऊन खात्यात शिरले. देशाचं नाव सांगत नाही. निवृत्त झाले तरी तोंड उघडण्याआधी दोनदा विचार करायची सवय जात नाही. जिथं ती उपयोगी पडायला हवी होती तिथं मात्र पडली नाही.

पहिल्याच दिवशी साहेबांनी मला आफ्रिका विभागात टाकलं. "तुला उकाड्याची सवय असेल," म्हणाले. डिसेंबरात भाटघरच्या धरणावरून येणारा वारा त्यांच्या अंगाला लागला असता तर त्यांनी मला बर्फाच्या देशात धाडलं असतं. पण मी हो म्हणाले आणि अख्खी नोकरी वागाडुगु, बुजुम्बुरा, अन्जामेना अशा शहरांत काढली. काम एकच: एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या लोकांना एका टेबलाशी आणून बसवायचं. टेबल गोल हवं की चौकोनी, यावरच आठवडा जायचा. काही भांडणं मिटली, काही मिटल्यासारखी दिसली, आणि काहींत दोन्ही बाजूंचं एकमत झालं ते फक्त माझ्याविरुद्ध. तरी निरोप समारंभात सगळे म्हणाले की बाई शिष्टाईत मुरलेल्या आहेत. मीही ते खरं मानून घरी आले.

भाटघर

निमित्त होतं भाचीच्या लग्नाचं. बापू माझा धाकटा भाऊ, भाटघरला शेती करतो. त्याची मुलगी मनीषा भोरच्या एका दवाखान्यात काम करते. आईविना वाढलेली. मनीषा दहावीत असताना माझी भावजय सुमन गेली.

मी पोचले तेव्हा अंगणात लग्नाच्या याद्या चालल्या होत्या. भात झोडून झालं होतं, पेंढा रचून ठेवला होता आणि त्यावर कोंबड्या निवांत चढल्या होत्या. मी चहा घेते न घेते तोच मनीषानं मला मागल्या दारी नेलं.

"आत्या, एक काम करशील? मामाला आण."

सुमनचा भाऊ दगडू हिर्डोशीला राहतो. वरंध घाटाच्या अलीकडचं डोंगरातलं गाव. सुमन गेल्यापासून तो आणि बापू बोलत नाहीत, एवढं मला माहीत होतं. कशावरून, ते फोनवर विचारलं की बापू म्हणायचा, "मानपानाचं हाय काहीतरी, तू नको त्यात पडू."

"बाबा म्हणतात चुलतमामाला उभा करू," मनीषा म्हणाली. "मला नकोय तो. भटजी म्हणतात ना, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं, तेव्हा आईच्या घरचं कुणीतरी माझं माणूस असायला हवं. आई नाही, निदान मामा तरी." पोरीनं तोंड फिरवलं.

मी तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "अगं, मी बंदुका घेतलेल्या माणसांना जेवायला बसवलंय. तुझा मामा किस झाड की पत्ती!"

हे वाक्य मी सगळ्या घरासमोर मोठ्यानं म्हणाले. नंतर ते मला बरंच महागात पडलं.

विंझर

आधी नवरदेवाकडच्यांना भेटायचं ठरलं, कारण दोन्ही बाजू समजून घेतल्याशिवाय मी काम सुरू करत नसते. नसरापूरवरून आत वळलं की समोर राजगड आणि तोरणा उभे राहतात आणि गाडीतला माणूस आपोआप गप्प होतो. मी झाले नाही. बापूला वाटाघाटीच्या चार पायऱ्या समजावून सांगत बसले. बापू गाडी चालवत होता आणि मधूनमधून "बरं" म्हणत होता.

विंझरला व्याह्यांचं रस्त्यालगत किराणा दुकान आहे, मागं घर. ओसरीवर पुरुषमंडळी खुर्च्यांवर होती, बायका आत. आमच्या खात्यात कोण कुठं बसणार याचा तक्ता आदल्या दिवशी छापून येतो. इथं तक्ता नव्हता, म्हणून मी सरळ मधल्या खुर्चीवर जाऊन बसले. ती व्याह्यांच्या वडिलांची निघाली. म्हातारबाबा काठी टेकत आले, माझ्याकडं पाहिलं आणि "बसा, बसा" म्हणत शेजारच्या ज्वारीच्या पोत्यावर बसले. मी उठले, ते उठू देईनात. पुढचा सगळा वेळ मी खुर्चीवर आणि ते पोत्यावर. मी बिनसाखरेचा चहा मागितला तेव्हा घरात मधुमेहावरच्या औषधांची चर्चा सुरू झाली.

"आफ्रिकेत काय करायचा तुमी?" म्हातारबाबांनी विचारलं.

"भांडणं मिटवायचे."

"मिटली का?"

"काही मिटली. काही अजून चालू आहेत."

"मंग सरकार काय म्हनायचं तुमाला?"

"बढती द्यायचं," मी म्हणाले. ओसरी खो-खो हसली. मी खरं तेच सांगितलं होतं.

उठता उठता व्याही बापूला म्हणाले, "मामाचा आहेर काढून ठेवलाय. नाव तेवढं कळवा, म्हंजी मांडवात कुणाला हाक मारायची ते कळंल." बापूनं मान खाली घातली. मी पुढं होऊन ठासून सांगितलं, "दगडूभाऊ येणार. हिर्डोशीचे." आता दोन्ही घरांत माझा शब्द अडकला होता.

भोर

दुसऱ्या दिवशी भोरला थांबून तयारी केली. बाजारपेठेत मामासाठी तयार बांधलेला फेटा घेतला, पेढे घेतले. दुकानदारानं डोक्याचा घेर विचारला, तर मी म्हणाले, "रागावलेल्या माणसाचं असतं तेवढं." त्यानं निमूटपणे मोठ्यातला काढून दिला.

बापूला मोठ्या मिनतवारीनं बरोबर घेतलं होतं. तो अटीवर आला: गाडी गावाखालच्या एसटीच्या थांब्यापर्यंत, वर घरात पाऊल टाकणार नाही. मी आनंदानं मान्य केलं, कारण ही माझी हातखंडा पद्धत. एका हॉटेलात एक पक्ष, दुसऱ्यात दुसरा, मध्ये आपण निरोप पोचवायचे. हॉटेलांत लिफ्ट असते, हे तेवढं ध्यानात आलं नाही.

हिर्डोशी

भोरपासून पुढं रस्ता देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं जातो. निळंशार पाणी, पलीकडं डोंगर, आणि अध्येमध्ये कापलेल्या भातखाचरांच्या पायऱ्या. एसटी इथं तुरळक. वाटेत माणसं चालत होती, डोक्यावर ओझी घेऊन, कुणाला घाई नव्हती. मोबाईलची रेंज गेली तेव्हा मी बापूला म्हणाले, "आता बघ मजा."

थांब्यापासून दगडूभाऊंचं घर वर टेपावर, म्हणजे टेकाडावर. वाट कसली, दगडांवरून उड्या. पोचेपर्यंत माझ्या तोंडाला फेस आला. मामी नाचणी पाखडत होती. दगडूभाऊ अंगणात आले. उंच, शिडशिडीत, पांढरी टोपी.

"ताई? परदेशातल्या? या, या. बसा. पानी आन गं."

आता पाहा. पश्चिम आफ्रिकेतल्या खेड्यात गेलं की आधी पाणी येतं, मग घरच्या प्रत्येकाची, गुरांची, पावसाची चौकशी होते, मग आपल्या सुपारीसारखी कोलाची फळं फोडून वाटतात, आणि त्यानंतर कुठं कामाचं निघतं. हे मी नव्या लोकांना शिकवायचे. त्यावर माझी भाषणं होती. आणि स्वतःच्या सोयऱ्याच्या अंगणात मी काय केलं, तर पाण्याचा तांब्या हातात धरूनच म्हणाले, "दगडूभाऊ, मनीषाचं लग्न आहे, ही अक्षत, हा फेटा, तुम्ही यायचंच."

मामीचं सूप थांबलं. दगडूभाऊंनी अक्षतीकडं पाहिलं, हात लावला नाही.

"ताई, तुमी आलात, तुमचा मान हाय. पर अक्षत पोरीच्या बापानं आनायची असती. बापू कुठं हाय?"

"खाली. थांब्यावर."

"मंग तो थांब्यावर आन आमी हितं. बरं हाय."

मी उतरले. बापू गाडीच्या बॉनेटवर बसला होता. त्याला म्हणाले, "तू स्वतः अक्षत दे, एवढंच म्हणतायत."

"तो सुमनच्या मातीला थांबला न्हाई, आक्के. तिसऱ्याला आला न्हाई, दहाव्याला आला न्हाई. म्या कशापायी जाऊ?"

पुन्हा वर. या वाक्याला मी वाटेत चांगली इस्त्री केली आणि वर जाऊन सांगितलं, "बापूंना आपल्या अनुपस्थितीचं अतिशय दुःख झालं होतं."

दगडूभाऊ माझ्याकडं बघतच राहिले. मग म्हणाले, "असं म्हनला तो? बापू?"

"अर्थ तसाच होता."

ते उंबऱ्यावर बसले. मग जे बोलले ते सावकाश बोलले.

"मानसानं सांगावा आनला, सुमन गेली म्हनून. एसटी निघून गेल्याली. भोरपर्यंत चालत, मधी टेम्पो गावला तेवढाच. भोरात आल्यावर याद आली, माहेरचं लुगडं न्यायला पायजे. बाई माहेरच्या लुगड्याबिगर कशी जाईल? बाजारात गेलो. हिरवं मिळंना चांगलं. दोन दुकानं फिरलो. घिऊन भाटघरला पोचलो तवा पेटवून झालं होतं." त्यांनी हाताचा तळवा उघडला आणि मिटला. "लुगडं हातात तसंच. कुनाला काय सांगू? तसाच माघारी फिरलो. लुगड्याच्या नादी न लागता गेलो असतो तर तोंड तरी दिसलं असतं. अन् बापू थांबला असता तर लुगडं बी पोचलं असतं."

"ते अजून पेटीत हाय," मामी म्हणाली. "टाकवत न्हाई, ठेववत न्हाई."

इथं कुणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. पण माझ्या डोक्यात एकदम तोडगा लखलखला. असा तोडगा सुचला की माझे कान गरम होतात, ही जुनी खोड. मी म्हणाले, "अहो, मग किती छान! ते लुगडं मनीषाला द्या ना. लग्नात नेसू दे. आईच्या माहेरचं!"

अंगणातली कोंबडीसुद्धा थबकली असं मला वाटलं. मामी उठून उभी राहिली.

"ताई! त्या कामाला आनल्यालं लुगडं? पोरीच्या अंगाव? हळदीच्या अंगाव?"

मी भाटघरची, मला हे माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, लहानपणापासून. नुसतं बोलायच्या वेळी सुचलं नाही.

"तुमी आता जेवा," मामी म्हणाली. म्हणजे तोंड बंद ठेवा. तिनं नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि लसणीची चटणी वाढली. मी खाली मान घालून जेवले. पिठलं अप्रतिम होतं आणि त्या अवस्थेतही मी दुसऱ्यांदा घेतलं, हे सांगायला लाज वाटते. निघताना मामीनं फडक्यात भाकरी बांधून दिली. "खालच्याला बी भूक लागली आसंल. आमच्या गावात येऊन कुनी उपाशी बसायचं न्हाई."

उतरताना गुडघ्यानं कडकन आवाज केला. थांब्यावर पोचले ती लंगडतच. बापूच्या हातात भाकरी दिली आणि दगडावर बसले. त्याला काय सांगायचं आणि काय वगळायचं, याची मनात जुळवाजुळव सुरू केली. मग दमले. खरंच दमले. दगडूभाऊ जसे बोलले तसंच, त्यांच्याच शब्दांत सांगून टाकलं.

बापूनं भाकरीचा तुकडा मोडला होता, तो हातातच राहिला.

"लुगडं आनलं होतं?"

"हो. त्याच्यापायीच उशीर झाला."

"मला म्हाईत न्हाई," बापू म्हणाला. "आयशप्पत मला म्हाईत न्हाई. दिस बुडत चालला होता. सगळी म्हनली, उरका, आता कोन येत न्हाई. मला काय सुचत नव्हतं आक्के, म्या हो म्हनलो. तिला चुलत्याकडचं नेसवलं." त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तो ते पुसतही नव्हता. "तो लांबनंच फिरला, म्या बघितलं. मला वाटलं, ह्याला भनीचं काय पडल्यालंच न्हाई."

भाकरी बॉनेटवर ठेवून तो उठला आणि वाटेला लागला.

"अरे थांब!" मी ओरडले. "काय बोलायचं ते आधी ठरवू! पहिलं वाक्य फार महत्त्वाचं असतं!"

तो दहा पावलांवरून माघारी आला. मला वाटलं, माझ्या अनुभवाचा उपयोग करून घेणार.

"अक्षत दे," म्हणाला, माझ्या पिशवीतून पुडी आणि फेटा काढून घेतला आणि गेला. मी उठायला गेले तर गुडघा साफ नाही म्हणाला. इतकी वर्षं ज्या क्षणासाठी पगार घेतला, तो क्षण वर टेपावर चालला होता आणि मध्यस्थ खाली दगडावर बसून गुडघ्याला बाम चोळत होती.

ऊन उतरायला लागलं तेव्हा दोघं खाली येताना दिसले. दगडूभाऊंच्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. माझ्यासमोरून गेले, एकानंही माझ्याकडं पाहिलं नाही, आणि रस्ता ओलांडून धरणाच्या पाण्याकडं उतरले. मागून मामी आली आणि माझ्याशेजारी उभी राहिली. त्यांनी पाण्यात गुडघाभर जाऊन लुगडं सोडलं. हिरवं होतं, काठ तांबडा. दोघांनी मिळून धरलं होतं, आणि दोघांनी मिळून सोडलं. मामीनं हात जोडले. मला पुष्कळ काही बोलावंसं वाटलं, पण मामीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला होता आणि तो चांगला जड होता.

परत येताना गाडीत मी विचारलं, "काय बोललात रे वर?"

"काय न्हाई. च्या घेतला."

"एवढा वेळ?"

"दोनदा घेतला," बापू म्हणाला.

पुन्हा भाटघर

मनीषाला आम्ही सांगितलं की मामानं अक्षत घेतलीय, येतो म्हणालाय. तिचा विश्वास बसेना. "येतो म्हणालाय म्हणजे नक्की ना? एसटीचं काय? सकाळची चुकली तर?" असं ती दिवसातून कितीतरी वेळा विचारायची. बापू गाडी पाठवतो म्हणाला, तर वरून निरोप आला, गाडी नको, आमचं आमी बघतो. मग मलाही धास्ती लागली. विंझरला दिलेला शब्द होता तो माझा. मी रात्री कागद घेऊन बसले, मामा न आल्यास काय करायचं याचे तीन पर्याय लिहून काढले, आणि पैकी एकही मला पसंत पडला नाही.

हळदीच्या आदल्या दिवशी मनीषा सकाळी अंगण झाडत होती. मांडव अजून घालायचा होता, बांबू भिंतीला टेकून ठेवलेले. मी ओटीवर पाय शेकत बसले होते. फाटकाचा आवाज झाला. दगडूभाऊ आणि मामी उभे. दोघांच्या हातांत पिशव्या, मामाच्या डोक्याला मी घेतलेला फेटा, थोडा मोठा, कानांवर आलेला.

बापू गोठ्यातून धावत आला. "अरं दगडू, हळद उद्या हाय. लग्न परवा!"

"म्हाईत हाय," दगडूभाऊ म्हणाले. मनीषाच्या हातातून झाडू गळून पडला होता आणि ती त्यांच्या गळ्यात पडली होती. तिच्या डोक्यावरून हात फिरवत ते म्हणाले, "म्हनलं, यावेळंला आधीच जाऊन बसतो."